परतण्याची अट

घराण्यातून पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या मुलीला ‘शिकून पुढे काय करणार?’ असे विचारले, आणि तिने ‘माझ्या लोकांसाठी काम करीन’ असे उत्तर दिले, की ऐकणाऱ्याला बरे वाटते. अमेरिकेतील नवाहो समाजातून उच्च शिक्षणाकडे वळलेल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थिनींकडूनही हे उत्तर अनेकदा ऐकू येते. त्यात त्याग वाचावा, कृतज्ञता वाचावी, की अर्जात शोभणारे एक वाक्य म्हणून ते सोडून द्यावे? हा वाचनाचाच प्रश्न असल्यामुळे साहित्याच्या अध्यापकांनी त्यात लक्ष घालायला हरकत नाही, असे आम्हांस वाटते.

नवाहो स्वतःला ‘दिने’ म्हणवतात. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत त्यांचा प्रदेश पसरलेला आहे. दिने माणूस रीतसर ओळख करून देतो तेव्हा नावाबरोबर चार कुळे सांगतो: आईचे, वडिलांचे, आईच्या वडिलांचे आणि वडिलांच्या वडिलांचे. त्यांपैकी आईचे कूळ ते त्याचे स्वतःचे. समोरच्या अनोळखी माणसाचे एखादे कूळ जुळले, की तो तिथल्या तिथे भाऊ, मावशी किंवा आजोबा ठरतो. नात्याच्या या जाळ्याला आणि त्यातून येणाऱ्या वागणुकीला त्यांच्या भाषेत ‘के’ म्हणतात. जिच्या ‘मी’चा उच्चारच चार कुळांवाचून पुरा होत नाही, तिच्या तोंडचे ‘माझे लोक’ हे शब्द आपल्या ‘समाजसेवा’ या शब्दात बसत नाहीत. सेवा म्हटली की एक देणारा आणि एक घेणारा आला, दोघांमध्ये थोडे अंतर आले, आणि देणाऱ्याला किंचित उंचीही आली. दिने प्रदेशातील कित्येक घरांत आजही नळ नाही. पिंपे भरून दुरून पाणी आणावे लागते. आजीच्या घरी पिंप पोहोचवणारी नात समाजसेवा करीत नसते. तीच नात पुढे जलविज्ञान किंवा आरोग्यशास्त्र निवडते, तेव्हा तेच घरकाम ती अधिक मोठ्या घरासाठी करू पाहते, एवढेच.

मात्र हे नाते गोड समजून चालणार नाही. पहिल्या नवाहो महिला शल्यविशारद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोरी अर्व्हिसो अल्व्होर्ड यांचे १९९९ साली प्रसिद्ध झालेले आत्मकथन या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. न्यू मेक्सिकोतील क्राउनपॉइंट या लहान गावातून त्या डार्टमथला आणि तेथून स्टॅनफर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या. दिने परंपरेत प्रेताला स्पर्श निषिद्ध. वैद्यकाच्या शिक्षणात शवविच्छेदन अटळ. म्हणजे आपल्या माणसांना बरे करण्याची विद्या मिळवायची, तर आपल्याच माणसांचा एक मूलभूत नियम ओलांडावा लागतो. पुढे गॅलपच्या रुग्णालयात त्या शस्त्रक्रिया करू लागल्या, तेव्हा विद्यापीठात शिकलेले कौशल्य एकटे पुरत नाही हे त्यांच्या ध्यानात आले. रुग्णाशी बोलण्याची रीत, शरीराला हात लावण्यामागचा आदर, ‘होझो’ या शब्दात सामावलेली सुसंवादाची कल्पना, हे सारे त्यांना घरच्या परंपरेकडून पुन्हा शिकावे लागले. परत येणारी व्यक्ती केवळ देण्यासाठी येत नाही, तिला तिथेही विद्यार्थीच व्हावे लागते, हे या पुस्तकातून आमच्या मनावर ठसले. काही वर्षांनी अल्व्होर्ड डार्टमथच्या वैद्यकीय विद्यालयात सहयोगी अधिष्ठात्याच्या पदावर गेल्या. मग त्यांनी आपल्या माणसांकडे पाठ फिरवली असे म्हणायचे काय? तसे आम्ही म्हणणार नाही.

येथे ऋणाचा हिशेब उलट्या बाजूनेही मांडायला हवा. १८६४ साली अमेरिकी सैन्याने हजारो दिने लोकांना त्यांच्या भूमीतून हाकलून शेकडो मैल चालवत नेले आणि बॉस्क रेडोंडो येथे डांबून ठेवले. कित्येक वाटेत आणि छावणीत मेले. १ जून १८६८ रोजी करार झाला आणि उरलेले परतले. त्या करारात सरकारने दर तीस मुलांमागे एक शाळा व एक शिक्षक देण्याचे वचन दिले होते. ते पाळले गेले नाही, आणि पुढे ज्या निवासी शाळा आल्या त्यांत मुलांच्या तोंडची मायबोली शिक्षा करून थांबवली जाई. करारावर खूण करणाऱ्या नायकांपैकी मान्युएलितो याने शिक्षणाची बाजू घेतली आणि आपली मुले पेन्सिल्व्हेनियातील कार्लाइलच्या शाळेत धाडली. तिकडे धाडलेला मुलगा आजारी पडून दगावला. आज नवाहो राष्ट्राची एक प्रतिष्ठेची शिष्यवृत्ती याच मान्युएलितोच्या नावाने दिली जाते. कराराला शंभर वर्षे झाली त्या १९६८ साली दिने लोकांनी स्वतःचे महाविद्यालय काढले. आदिवासी राष्ट्राने चालवलेले ते अमेरिकेतील पहिले महाविद्यालय. शिक्षणासाठी या समाजाने इतके आधीच मोजलेले आहे. अठरा वर्षांची मुलगी ‘मी परत जाऊन काम करीन’ म्हणते तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांनी निदान एवढे आठवावे, की ज्या दवाखान्यांची, नळांची आणि शिक्षकांची उणीव ती भरून काढायला निघाली आहे, ती तिने निर्माण केलेली नाही. सरकारचे देणे तिच्या सद्भावनेच्या खात्यावर चढवणे हा अन्यायच आहे.

हे आम्ही दूरदेशच्या कुतूहलापोटी लिहीत नाही. शिष्यवृत्तीच्या निवड समितीवर आम्हीही बसतो, आणि घरातल्या पहिल्या शिकणाऱ्याला ‘समाजासाठी काय करणार?’ हे हटकून विचारतो. एकदा एका विद्यार्थिनीने शांतपणे उलट विचारले, ‘‘सर, हा प्रश्न तुम्ही सगळ्यांना विचारता का?’’ आम्ही सगळ्यांना विचारीत नव्हतो. डॉक्टरांच्या मुलाला आम्ही आवडते लेखक विचारले होते.

१९५६ साली आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्यांनी आपली निराशा केली अशी खंत व्यक्त केली होती, हे कोणी आम्हांला दाखवील. त्या खंतीचा अधिकार आम्ही मानतो. पण ती आपल्या माणसांनी आपल्या माणसांपाशी बोललेली गोष्ट होती, आणि बोलणाऱ्याने आयुष्य वेचले होते. निवड समितीच्या टेबलामागून तोच प्रश्न आला, की त्याची अट होते. अट म्हटली की उत्तर पाठ होते. आणि जे नाते मुलीने घरून आणले होते, तेच तिला आमच्यापुढे विकायला मांडावे लागते.

नवाहो मुलीची प्रेरणा खरी आहे, आणि ती आदरानेच ऐकावी. पण ती सांगेल तेव्हा ऐकावी. गुण देण्यासाठी काढून घेऊ नये. तिला उद्या ग्रीक शोकात्मिकेवर प्रबंध लिहावासा वाटला, तरी तिची चार कुळे तिच्यापासून दुरावत नाहीत. आमच्यापुरते सांगायचे, तर समितीच्या पुढल्या बैठकीत आम्ही तो प्रश्न कागदावरून काढून टाकणार आहोत. तिलाही आवडते लेखकच विचारू.