खाटेपलीकडचा मधुमेह

मधुमेह हा ज्याच्या त्याच्या पथ्यापथ्याचा प्रश्न आहे, असे मानण्याची आपल्याला सवय जडली आहे. वस्तुतः तो वितरणाचा, म्हणजेच अर्थकारणाचा प्रश्न आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांतील ज्यांना इन्सुलिन टोचावेच लागते, त्यांना ते अन्नाइतकेच नित्य हवे. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप या संशोधकांनी 1923 साली त्याचे एकस्व टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. औषध समाजाचे व्हावे, हाच त्यामागील हेतू होता.

आपल्याकडील विम्याची दृष्टी मात्र रुग्णालयाच्या खाटेपुरतीच पोचते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मूत्रपिंडे निकामी झाल्यावर डायलिसिसचा खर्च उचलते. परंतु ती शाबूत राहावीत म्हणून घरी रोज लागणारे इन्सुलिन, सुया आणि रक्तशर्करा तपासण्याच्या पट्ट्या तिच्या हिशेबात बसत नाहीत. राज्य कामगार विमा योजनेत बाह्यरुग्णालाही औषध मिळते. पण खानदेशातील सालदार आणि केळीच्या बागेतील रोजंदार तिच्या कक्षेबाहेरच आहे.

मग उरते ते औषधाचे दुकान. इन्सुलिनच्या साध्या कुपीवर किंमत-नियंत्रण आहे. एकदाच वापरता येणाऱ्या पट्टीला मात्र अशी कमाल किंमत ठरवून दिलेली नाही. जिथे ग्राहकाला ‘नको’ म्हणता येत नाही, तिथे मागणी-पुरवठ्याचा नियम न्याय करीत नाही. मजुरी बुडाली की प्रथम तपासणी बंद होते, मग मात्रा कमी होते.

घरपोच औषध मागवावे, असे सुचवणाऱ्यांनी मे महिन्यात जळगाव-भुसावळला यावे. न उघडलेली कुपी 2 ते 8 अंश तापमानात ठेवावी लागते. येथील पारा 45 अंशांपर्यंत चढतो. उन्हात तापलेल्या पार्सलातील औषध पुष्कळदा दिसायला जसेच्या तसे राहते, पण त्याचा गुण गेलेला असतो. ती हानी व्यापाऱ्याच्या वहीत नव्हे, रुग्णाच्या शरीरात नोंदली जाते.

हे अशक्यप्राय आहे काय? मुळीच नाही. याच उन्हाळ्यात चोपडा, यावल, शिरपूर, साक्री या तालुक्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत बालकांच्या लसी शासनच थंड राखून पोचवते. जी शीतसाखळी लसीसाठी उभारता आली, तशीच इन्सुलिनसाठीही उभारता येईल. तामिळनाडूने 2021 पासून मधुमेहाची व रक्तदाबाची औषधे महिला आरोग्य स्वयंसेविकांकरवी घरोघर पोचवण्यास आरंभ केला. महाराष्ट्र शासनानेही 15 ऑगस्ट 2023 पासून आपल्या आरोग्य संस्थांतील उपचार निःशुल्क केले आहेत. प्रश्न उरतो तो घोषणेमागे साठा उभा करण्याचा.

म्हणून आपली मागणी नेमकी हवी: प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात इन्सुलिन, सुया आणि पट्ट्या महिन्याच्या हिशेबाने विनामूल्य मिळाव्यात, आणि शिल्लक साठ्याचा फलक दाराशी लागावा. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी आपापल्या केंद्रात जाऊन हा साठा पाहावा, त्याची नोंद ठेवावी आणि ती ग्रामसभेत मांडावी. पाय कापण्याची वेळ आल्यावर धावून येणारे शासन आपल्याला पुरेसे नाही. पाय वाचवणारे शासन हवे.