तीर्थ चालते, पाणी चालत नाही

माघात तुरीचे धसकट टाचेत घुसले. कौंडण्यपूरच्या शिवारात ही काही बातमी नव्हे. धसकट उपटून मी बोअरचा पाइप पायावर धरला, तसे शेजारचे काका ओरडले, "पाणी नको लावू बाप्पा, चिघयते! हयद भर!" आम्ही रुक्मिणीच्या माहेरचे. वर्धेत डुबकी मारून जन्मोजन्मीची पापे धुतो. पायातली माती धुवायची म्हटली की मात्र घाबरतो.

हळदीचे नाव निघाले की आमची छाती फुगते: "अमेरिकेला हरवलं हयदीनं!" खरे आहे. 1995 साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवरच्या हळदीचे पेटंट मिळाले, आणि 1997 मध्ये आपल्या शास्त्रज्ञ माशेलकरांच्या सीएसआयआर या संशोधन संस्थेने ते रद्द करवले. पण रद्द का झाले? हे ज्ञान नवे नाही, म्हणून. फोडणीचा ओला चमचा बुडवलेल्या डब्यातली हळद जंतुमुक्त असते, असे त्या निकालात कुठेही नाही. तरी तो निकालच आम्ही टाचेवर थापतो.

हळद ज्यांना गावंढळ वाटते, ते मेडिकलवर जातात. तिथे मला हायड्रोजन पेरॉक्साइड मिळाले. "फेस आला की जंतू मेले समजा." कोण म्हणतो? रक्तातले आणि पेशींतले कॅटलेज पेरॉक्साइड फोडते, त्यातून प्राणवायू सुटतो, त्याचा तो फेस. जंतू नसले तरी तो येणारच. वर जखम भरायला आलेल्या पेशीही त्यात होरपळतात. पण झोंबल्याशिवाय, फसफसल्याशिवाय औषध लागू पडले असे आम्हाला वाटतच नाही. पोविडोन आयोडीन त्यापेक्षा बरे. पण माती, रक्त आणि पू त्याचाही जोर खातात. न धुतलेल्या जखमेवर ते ओतणे म्हणजे शेणावर रांगोळीचा रंग टाकणे.

आणि धनुर्वात? त्याचे बीजाणू माती-शेणात वर्षानुवर्षे टिकतात आणि हवा पोचत नाही अशा खोल जखमेतच फोफावतात. वरून चुना, तंबाखू, शेणाची राख थापणारा माणूस त्यांच्यासाठी दार लावून घेतो. तिथे कुठलेच मलम पोचत नाही. टीडीचे, म्हणजे धनुर्वाताच्या लसीचे, इंजेक्शन आणि डॉक्टरच लागतो. मातीची जखम असेल आणि शेवटच्या डोसला पाच वर्षे उलटली असतील, तर सरकारी दवाखाना गाठायचा. मी गाठला, म्हणून आज चालतो आहे.

1594 पासूनची मानली जाणारी आमची रुक्मिणीची पालखी दरवर्षी पंढरपूरला पायी जाते. वाटेत मलमाच्या ट्यूबा वाटून फोटो काढणाऱ्या दात्यांनो, पिण्याच्या पाण्याची टाकी आणि साबणाच्या वड्या द्या. आणि वारकऱ्यांनो, फोड फोडू नका. फुटलाच तर वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा, स्वच्छ फडके बांधा. मलम नंतर. आधी पाय धुवा.