तीस अंशांचा खेळ

मंडळी, आमच्या वयात सांधा म्हटलं की आधी गुडघा आठवतो. आज मात्र गाडीच्या सांध्यांबद्दल लिहायचं आहे. स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळतात ती ज्यांच्या जिवावर, ते टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट. हे सांधे गुडघ्यासारखे नसून खांद्यासारखे असतात, वाटीत गोळी. वाटीत ग्रीस आणि वरून रबरी टोपी (गॅरेजात तिला 'बूट' म्हणतात). टोपी फाटली की ग्रीस बाहेर येतं आणि पाणी, माती आत जाते. गोळी घासत राहते, मोकळी जागा होते आणि मेकॅनिक सांगतो, "काका, प्ले आलाय."

आपण धुराची तपासणी न चुकता करतो. ती पाहिजेच. पण खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी होते आणि तोवर तिच्या खाली वाकून कोणी सरकारी माणूस पाहत नाही. माझा एक नातेवाईक इंग्लंडात असतो. तिथं गाडी ३ वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी, आणि तीत हे सांधेही हलवून बघतात. आपल्याकडे खड्डे जास्त आणि तपासणी नाही, हे काही मला पटत नाही.

नियम नाही असंही नाही बरं का. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९८ वा नियम म्हणतो की स्टिअरिंगची ढिलाई ३० अंशांपेक्षा जास्त नसावी आणि बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात. टोप्यांचं कलम उत्तम. पण ३० अंश म्हणजे घड्याळात बारापासून एकपर्यंत! लहान गाडीच्या स्टिअरिंगच्या कडेवर ते जवळजवळ १० सेंटिमीटर भरतात. ट्रकला ही सवलत ठीक असेल, पण आपल्या छोट्या मोटारीत इतका खेळ आला तर ती कधीच रस्त्यावरून काढायला हवी होती. आणखी एक गोम आहे. चाकाला तोलून धरणारा खालचा बॉल जॉइंट झिजला तर स्टिअरिंगमध्ये ढिलाई जाणवेलच असं नाही. नेमका तोच निखळला तर चाक आडवं पडतं. म्हणजे अंश मोजून तो सापडायचा नाही.

मग सापडतो कसा? हाताने. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. पुढचं एक चाक जॅकने उचलायचं आणि खाली भक्कम स्टँड द्यायचा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली डोकं घालू नये. चाक घड्याळासारखं समजा. नऊ आणि तीनवर धरून हलवलं आणि खटखट लागली तर संशय टाय रॉड एंडवर, किंवा आत रॅकजवळच्या सांध्यावर. बारा आणि सहावर धरून हलवल्यावर लागली तर खालचा बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग. या दोघांत निवडायचं तर कोणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगा. ढिलाई गेली तर बेअरिंग, राहिली तर सांधा. एकाने चाक हलवायचं आणि दुसऱ्याने सांध्यावर बोटं ठेवायची. डोळ्यांना दिसत नाही ते बोटांना कळतं.

आमच्या गावातल्या एका गॅरेजात (नाव नको) यातलं काहीही न करता, फक्त खडखड ऐकून, रॅकसकट सगळं बदलायचा पाच आकडी अंदाज दिला होता. मी म्हटलं, "कुठला सांधा हलतोय ते दाखवा." जॅक लावायला वेळ नव्हता त्यांच्याकडे! दुसऱ्या मेकॅनिकने दहा मिनिटांत माझा हात धरून डाव्या टाय रॉड एंडवर ठेवला. खटखट तिथेच होती. बाकी सगळं घट्ट होतं. तेवढाच बदलला. दोन्ही बाजूंचे जोडीनेच बदला असा आग्रह काही जण धरतात. माझं मत असं, की दुसरा तपासावा आणि घट्ट असेल, टोपी शाबूत असेल, तर राहू द्यावा.

बदलण्याचं काम अवघड नाही, पण त्यात शिस्त लागते. सांध्याची दांडी निमुळती असते, ती चाकाच्या आर्मच्या डोळ्यात घट्ट रुतते. पुलर लावून काढणं सगळ्यात बरं. जुना सांधा फिरवून काढताना किती फेरे झाले ते मोजायचं आणि नवा तेवढेच फेरे बसवायचा, म्हणजे चाकाची दिशा फार बिघडत नाही. खाचांचा नट असेल तर नवी पिन घालायची. भोक जुळत नसेल तर नट थोडा आणखी आवळायचा, पिनेसाठी तो सैल करायचा नाही. हे मी मेकॅनिकच्या शेजारी उभा राहून पाहिलं. (शाळेतली सवय, वही तपासल्याशिवाय मन स्वस्थ होत नाही.) शेवटी अलाइनमेंट हवंच. पण आधी सांधा, मग अलाइनमेंट. टायर एका कडेने घासतोय म्हणून ढिल्या सांध्यावरच अलाइनमेंट करून देणारे भेटतात. ते टिकणार कसं? पहिल्या खड्ड्यात चाक पुन्हा हवं तिकडे बघणार.

पूर्वी पुष्कळ गाड्यांना या सांध्यांपाशी ग्रीसचे निपल असायचे. सर्व्हिसिंगला पोऱ्या ग्रीसगन घेऊन खाली शिरायचा, तेव्हा फाटकी टोपी आपसूक दिसायची. आता बहुतेक सांधे सीलबंद आले, ग्रीस भरायचं कारण उरलं नाही, तसं खाली बघायचंही उरलं नाही. म्हणून सर्व्हिसिंगला गाडी दिली की मी कागदावर लिहून देतो, 'पुढचे सांधे हलवून दाखवावेत, बूट पाहावेत'. सुरुवातीला हसायचे. आता गाडी वर चढवली की हाक मारतात.

भाच्याची गाडी यंदा ९ वर्षांची झाली. तो रविवारी येणार आहे. दगड आणि स्टँड काढून ठेवलेत. ब्रेक दाबायला त्याची आई आहेच.