रूपवाद्यांची फिर्याद

इटलीतील बोलोन्या शहराच्या डुकाटी कारखान्याने २०२४ साली आपल्या पानिगाले व्ही-४ या सुपरबाइकची नवी आवृत्ती जाहीर केली, तेव्हा तिच्या २१६ अश्वशक्तीच्या इंजिनापेक्षा आणि तिच्या ब्रेकांपेक्षा अधिक वादंग माजले ते मागच्या चाकाला धरून ठेवणाऱ्या दांड्यावरून. स्विंगआर्म नावाने ओळखला जाणारा हा दांडा या घराण्यात बहुतेक पिढ्यांत एकाच बाजूचा असे, त्यामुळे दुसऱ्या अंगाने पाहणाऱ्याला संपूर्ण चाक उघडे दिसे आणि त्या दर्शनावर शौकीन मंडळी लुब्ध असत. नव्या गाडीत हा दांडा चाकाला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारा झाला, आणि घराण्याची अब्रू गेल्याची फिर्याद रूपवाद्यांनी तत्काळ गुदरली.

ही फिर्याद पोरकट म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. तिच्यामागील पूर्वपक्ष असा की, ज्या गाडीचा ताशी अडीचशे-तीनशे किलोमीटरचा वेग सार्वजनिक रस्त्यावर वापरण्यास कायद्याची आणि शहाणपणाची उभयतांची मनाई आहे, तिचे सामर्थ्य मालकाच्या दृष्टीने कागदावरच्या आकड्यांपलीकडे फारसे जात नाही; उलट तिचे रूप त्याला रोज सकाळी दिसते, आणि ज्या रूपासाठी त्याने आयुष्याची शिल्लक मोजली ते हिरावून घेण्याचा अधिकार अभियंत्यांना कोणी दिला? यावर दाखला म्हणून डुकाटीच्याच ९९९ या गाडीचे उदाहरण हमखास पुढे केले जाते, की ती शर्यती जिंकली, पण रूपाने उणी म्हणून बाजारात पडली. युक्तिवाद वरकरणी बिनतोड आहे. मला तो मुळापासून चुकीचा वाटतो.

प्रथम दांड्याचाच खुलासा करू. एका बाजूचा दांडा सौंदर्यासाठी जन्मला नाही. फ्रान्समधील एल्फ या तेल कंपनीच्या शर्यतीच्या गाड्यांवरील प्रयोगांतून तो पुढे आला आणि होंडाने १९८७ च्या व्ही.एफ.आर. ७५० आर या गाडीवर तो बसवला, तो अहोरात्र चालणाऱ्या दीर्घ शर्यतींत मागचे चाक झटपट काढता-घालता यावे एवढ्याच हेतूने. जेथे शर्यत वीस-बावीस फेऱ्यांत संपते आणि चाक बदलण्याचा प्रसंग सहसा येत नाही, तेथे हा हेतू उरत नाही, आणि त्याची किंमत मात्र उरते. चाकाचा सगळा पीळ एकाच बाहूने सोसायचा म्हणजे तो बाहू जाडजूड व जड करावा लागतो, आणि जड केला की तो आडव्या दिशेने अतिशय ताठ होतो. हा ताठपणा दोष कसा, हे वळणावर कळते. गाडी पन्नास-पंचावन्न अंशांनी कललेली असते तेव्हा रस्त्यावरचा उंचवटा चाकाला ज्या दिशेने ढकलतो, ती शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या कामाची दिशा राहत नाही. तो धक्का पचवायचा तर टायरने आणि दांड्याच्या किंचित लवचिकपणाने. दांडा लवला नाही तर टायर जमीन सोडतो, आणि टायरने जमीन सोडली की स्वार पडतो. नवा दांडा जुन्यापेक्षा आडव्या दिशेने ३७ टक्के कमी ताठ असून, त्याच्यामुळे चाकासह सुमारे २.७ किलो वजन वाचले, असे कारखान्याचे म्हणणे आहे. मोटोजीपी शर्यतींतील डुकाटी कित्येक वर्षे दुहेरी दांड्यावरच धावत आली आहे. अल्वारो बाउतिस्ता याने २०२२ आणि २०२३ ची जागतिक सुपरबाइक विजेतेपदे एकेरी दांड्याच्या गाडीवर जिंकली, हे प्रतिपक्षाचे म्हणणे खरे आहे आणि ते मी निखालस मान्य करतो. परंतु त्या विजयांनंतरही, ज्यांच्या हाती मोजमापांचे सारे दफ्तर होते त्या अभियंत्यांनीच दांडा बदलला, ही गोष्ट अधिक बोलकी आहे.

रूपवाद्यांचे परमदैवत म्हणजे १९९४ ची डुकाटी ९१६. मास्सिमो तांबुरिनी या असामान्य कल्पकाची ही कृती पाहून आजही डोळे निवतात, याविषयी माझा कोणाशीही तंटा नाही. माझा प्रश्न इतकाच, की हे सौंदर्य आले कोठून? तिची कंबर बारीक आहे, कारण दोनच सिलिंडरांचे इंजिन अरुंद होते आणि वाऱ्याला कमीत कमी अडथळा व्हावा अशी तिची बांधणी केली होती. तिचे जुळे सायलेन्सर बैठकीखाली गेले, कारण बाजूला असते तर ते कललेल्या गाडीच्या आड आले असते. या गाडीची प्रत्येक रेषा कोणत्या तरी कामाला रुजू आहे, आणि कार्ल फोगार्टीने त्याच वर्षी तिच्यावर जगज्जेतेपद मिळवले. तेव्हा ९१६ च्या नावाने जो मनुष्य नव्या गाडीत एकेरी दांडा मागतो, तो तांबुरिनीच्या कृतीतील शेवटचा आकार मागतो आणि त्या आकाराला जन्म देणारा विचार नाकारतो. पुढे धूर शुद्ध करण्याचे नियम कडक झाले, त्यासाठीची उपकरणे मोठी झाली आणि वजन खाली, मध्यभागी आणणे अगत्याचे ठरले, तेव्हा याच कारखान्याने सायलेन्सर बैठकीखालून काढून इंजिनाखाली नेले. त्या वेळीही काही जण हळहळले होते.

आता ९९९ चा दाखला. पिएर तेरब्लांश याने रेखाटलेली ही गाडी, एकावर एक ठेवलेल्या दिव्यांमुळे आणि दुहेरी दांड्यामुळे, लोकांच्या मनातून उतरली, हे खरे. २००३ ते २००६ या चार हंगामांत तिने हॉजसन, टोझलंड आणि बेलिस या स्वारांना मिळून जागतिक सुपरबाइकची तीन विजेतेपदे मिळवून दिली, हेही तितकेच खरे. परंतु २००७ साली आलेल्या १०९८ ने आडवे दिवे आणि एकेरी दांडा परत आणला व गाडी खपली, म्हणून रूपाने बाजार जिंकला असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी अर्धाच पुरावा वाचला आहे. अखेरच्या साध्या ९९९ ची १४० अश्वशक्ती १०९८ मध्ये १६० झाली आणि कोरडे वजन १८६ किलोंवरून १७३ वर आले. ज्या गाडीत रूप आणि सामर्थ्य दोन्ही एकाच वेळी बदलली, तिच्या खपाचे सारे श्रेय एकट्या रूपाच्या नावे जमा करणे हा हिशेबातला घोटाळा आहे. उलट दाखला हवा असेल तर बी.एम.डब्ल्यू.ची एस १००० आर.आर. पाहावी: २००९ साली दोन विजोड दिव्यांचा चेहरा घेऊन ती आली, त्या चेहऱ्याची यथेच्छ टवाळी झाली, आणि तिच्या १९३ अश्वशक्तीने व शर्यतीसाठीच्या नियंत्रणांनी तिला वर्षभरात या वर्गाचे मापदंड बनवले.

राहिला सर्वांत गंभीर मुद्दा, की रस्त्यावर सामर्थ्य निरुपयोगी असते. सामर्थ्य म्हणजे केवळ कमाल वेग, अशी समजूत असेल तरच हे म्हणणे टिकते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे, तेव्हा आपल्याकडच्या सुपरबाइकवाल्याला जुन्या महामार्गाने खंडाळ्याचा घाट चढावा लागतो. पहिल्या पावसात त्या रस्त्यावरची धूळ आणि सांडलेले तेल एक होऊन चिखलासारखा थर बसतो. अशा वळणावर गाडी कललेली असताना समोर बंद पडलेला ट्रक दिसला आणि स्वाराने घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला, तर साधी गाडी एकतर उभी होऊन सरळ दरीच्या बाजूला निघते, नाही तर तिचे पुढचे चाक घसरते. गाडी किती अंश कलली आहे हे क्षणोक्षणी मोजून त्या मानाने ब्रेकचा दाब कमीजास्त करणारी बॉशची यंत्रणा केटीएमने ११९० अ‍ॅडव्हेंचरवर आणली, आणि आज तशा यंत्रणा या वर्गातील बहुतेक गाड्यांवर असतात. हे सामर्थ्य नव्हे तर काय? थ्रॉटलला मिळणारा नितळ प्रतिसाद, पावसात अश्वशक्ती आवरून धरणारी पद्धत, सिग्नलला थांबताच मागचे दोन सिलिंडर बंद करून मांड्यांना बसणारी धग कमी करण्याची पानिगालेतील योजना, या सर्व गोष्टी सामर्थ्याच्याच सदरात मोडतात, आणि दादरच्या किंवा स्वारगेटच्या कोंडीत त्यांचा लाभ रोज मिळतो. चाक कोणत्या अंगाने उघडे आहे, हे त्या वेळी स्वाराला दिसतही नाही.

म्हणून नव्या सुपरबाइकसाठी पैसे मोजण्यास निघालेल्या तरुणांना माझी विनंती आहे, की शोरूमच्या दिव्यांखाली गाडीभोवती प्रदक्षिणा घालण्यापूर्वी चाचणीसाठी ती मागून घ्या, ओल्या रस्त्यावर जपून ब्रेक लावून पाहा, कललेल्या अवस्थेतही एबीएस काम करते का ते विचारा, टायर आणि सर्व्हिसिंग आपल्या शहरात मिळते की नाही याची चौकशी करा. हे सर्व मनासारखे असेल, तर रंग आपल्या आवडीचा घ्या.