बंद हेडफोनचा निकाल दुसऱ्या तासाला लागतो

मार्च उजाडला की नांदेड-लातूर पट्ट्यातल्या छोट्या रेकॉर्डिंग खोल्यांची लगीनघाई सुरू होते. 14 एप्रिलच्या आधी नवी भीमगीतं लोकांपर्यंत पोचायला हवीत, सप्ताहांसाठी भजनं हवीत, आणि पाठोपाठ लग्नसराईच्या व्हिडिओंचं एडिटिंग येऊन पडतं. नेमक्या याच दिवसांत देगलूरचा पारा चाळिशी ओलांडायला लागतो. गाणं घेताना पंखा बंद ठेवावा लागतो आणि कूलर तर लावायचाच नसतो, कारण त्याची घरघर माइकात उतरते. खिडक्यांवर जाड पडदे असतात. अशा खोलीत गायकाच्या आणि रेकॉर्डिस्टच्या कानांवर तासन्‌तास बसून असतो तो क्लोज्ड-बॅक हेडफोन. त्याची परीक्षणं मात्र बहुतेकदा गार, शांत खोल्यांत बसून लिहिलेली असतात. आवाजाला इतके गुण, आरामाला इतके गुण, शेवटी बेरीज. मला ही बेरीजच मान्य नाही. पाठ बंद असलेल्या हेडफोनमध्ये आराम हा आवाजाचाच भाग असतो. जो डोक्यावर नीट बसत नाही तो खरं सांगत नाही, मग त्याच्या डब्यावर काहीही छापलेलं असो.

याचं कारण त्याच्या बांधणीत आहे. क्लोज्ड-बॅक म्हणजे ज्याच्या वाटीला मागून जाळी नाही असा हेडफोन. रेकॉर्डिंगला तो लागतोच, कारण जाळीवाल्या हेडफोनमधून गायकाच्या कानातला ट्रॅक बाहेर झिरपतो आणि समोरच्या माइकात शिरतो. या बंद वाटीत आणि कानात मिळून थोडीशी हवा कोंडलेली असते. आतला पडदा हलतो तेव्हा त्या कोंडलेल्या हवेचा दाब वरखाली होतो आणि खर्जाचा आवाज त्या दाबावरच उभा असतो. कुकरची रिंग जराशी जरी सरकली तरी शिट्टी होत नाही, तसंच इथे आहे. कुशन आणि त्वचा यांच्यात बारीकशी फट पडली की सगळ्यांत आधी खर्ज निघून जातो. मधला आणि वरचा आवाज जवळपास तसाच पोचतो, त्यामुळे गफलत लगेच लक्षात येत नाही. उलट ऐकणाऱ्याला वाटतं, वा, काय मोकळा आणि स्वच्छ आवाज आहे! पखवाजाची धुमी किंवा ढोलाचा भरणा कमी वाटला म्हणून तो मिक्सरवर खर्ज वाढवतो. तेच गाणं पुढे डीजेच्या भिंतीवर लागतं, आणि आधीच खर्जाने फुगलेल्या त्या भिंतीवर गायकाचे शब्द बुडून जातात. मिरवणुकीतल्या गाण्याचे शब्द कळत नाहीत म्हणून आपण डीजेवाल्याला नावं ठेवतो. त्यात त्याचा वाटा मोठा असेलही, पण काही वाटा घामाने घसरलेल्या कुशनचा असू शकतो.

फट पडायला लागतं तरी काय? चष्म्याची दांडी पुरेशी आहे. कानामागून जाणारी जाड दांडी कुशन उचलून धरते आणि दोन्ही बाजूंना बोगदा तयार होतो. झुमके, अंबाड्यातल्या पिना, दाट केस, वाढलेली दाढी, डोक्यावरून घेतलेली ओढणी हे सगळं त्यात भर घालतं. आपल्या जिल्ह्यात तर आणखी एक गोष्ट आहे जिचा विचार परदेशी परीक्षणांत सहसा नसतो. नांदेडला तख्त सचखंड श्री हुजूर साहिब आहे, त्यामुळे दस्तार बांधून गाणारे रागी आणि तबलजी इथे आहेत. फेटा बांधणारे शाहीर आहेत, टोपी घालणारे भजनी आहेत. कीर्तनकार धुंडा महाराजांमुळे देगलूर हे नाव कीर्तनाशी जोडलं गेलेलं आहे, तेव्हा इथल्या रेकॉर्डिंगमध्ये असं झाकलेलं डोकं हा अपवाद नव्हे, तो नेहमीचा ग्राहक आहे. दस्तार कानाच्या वरच्या भागावर येते, म्हणजे कुशनचा अर्धा भाग कापडावर आणि अर्धा त्वचेवर टेकतो. शिवाय वरची पट्टी ताणायची सोय तोकडी पडली तर वाट्या कानाच्या वरच राहतात. आणि हेडफोनची मापं ज्यावर घेतली जातात ते कृत्रिम डोकं कसं असतं? टकलं, कोरडं, चष्मा नसलेलं, आणि घाम म्हणजे काय हे ठाऊक नसलेलं. प्रयोगशाळेचा यात दोष नाही, तिला दर वेळी तेच माप यायला हवं असतं. फक्त तिचा आलेख हा त्या डोक्याचा आलेख आहे, रामतीर्थ गावच्या भजनीबुवांच्या डोक्याचा नाही, एवढं ध्यानात ठेवावं.

बाजारात नेहमी पुढे केली जाणारी नावं या कसोटीवर घासून पाहण्यासारखी आहेत. सोनीचा एमडीआर-7506 हा 1991 पासून स्टुडिओंत आणि रेडिओ केंद्रांत वापरात आहे. वजनाला हलका, सुमारे 230 ग्रॅम, गुंडाळी झालेल्या तारेचा. त्याचं कुशन पातळ आहे, कान मोठे असतील तर आतल्या पडद्याच्या आवरणाला टेकतात. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम50एक्स 2014 मध्ये आला. 45 मिलिमीटरचा पडदा, 285 ग्रॅम वजन, खर्ज भरलेला. तो कान दाबून बसतो आणि रेक्झिनसारख्या कुशनमुळे चांगला बंद होतो, पण त्याच कुशनखाली आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाची धार लागते. सेनहायझरचा एचडी 280 प्रो बाहेरचा आवाज अडवण्यात पटाईत. कंपनी 32 डेसिबलपर्यंतचा दावा करते, आणि त्यासाठी तो डोकं जे आवळतो ते तासाभराने कानशिलाला जाणवतं. बायरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो 1980च्या दशकापासून चालत आलेला आहे. त्याची कुशनं मखमली. हवा खेळते, घाम कमी येतो, चष्म्याची दांडी मऊ कापडात रुतून बसते. पण कापडातून थोडी हवा जाते, म्हणून बाहेरचा आवाज तो त्या मानाने कमी अडवतो, सुमारे 18 डेसिबल. शिवाय त्याचा वरचा आवाज टोकदार आहे. स, श, च ही अक्षरं आणि टाळांचा किणकिणाट जरा जास्तच ऐकू येतो, आणि अशा हेडफोनवर मिक्सिंग करणाऱ्या माणसाकडून टाळ गरजेपेक्षा खाली दाबला जाण्याचा धोका असतो. दोष प्रत्येकाचे आहेत. पण त्यातला कोणता दोष कायम आहे आणि कोणता तासागणिक बदलतो, हे पाहायला हवं. टोकदार वरचा आवाज आज आहे तसाच उद्या असतो. तो लक्षात ठेवता येतो, त्याची वजाबाकी करता येते. घामाने सरकणाऱ्या कुशनचा खर्ज मात्र सकाळी एक आणि दुपारी दुसरा असतो. त्याची वजाबाकी कशी करणार?

यावर जाणकार म्हणतील की आवाज मोजता येतो, आराम ज्याचा त्याचा. दोन्हींची सरमिसळ करणं म्हणजे शास्त्राला मागे नेणं. आक्षेप वजनदार आहे. हार्मन कंपनीतल्या शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी 2012 नंतरच्या वर्षांत जे प्रयोग केले, त्यांतून बहुसंख्य श्रोत्यांना कोणत्या वळणाचा आवाज आवडतो हे बऱ्यापैकी स्पष्ट झालं. त्यांनी काही प्रयोगांत वेगवेगळ्या हेडफोनांचे आवाज एकाच हेडफोनवर हुबेहूब उभे करून ऐकवले. हेतू हाच की नाव, रूप, वजन, दाब यांचा प्रभाव मतावर पडू नये. 2017 मध्ये यरून ब्रेबार्ट यांनी 283 हेडफोनांची मापं तपासली आणि किंमत व आवाजाचं वळण यांत नातं सापडत नाही असं दाखवलं. महाग म्हणजे चांगला हा भ्रम त्यामुळे मोडला, हे फार बरं झालं. पण संशोधनात आराम वेगळा काढणं योग्य आहे म्हणून खरेदीतही तो वेगळा काढावा असं होत नाही. संशोधकाला प्रश्न पडतो, कोणता आवाज बरा? आपल्याला पडतो तो, हा आवाज माझ्या डोक्यावर दुपारी तीन वाजता टिकेल का? आलेख पहिल्या चाळणीसाठी वापरावा. ज्यांचं वळणच वाकडं आहे ते तिथेच गळतात. उरलेल्या तीन-चारांतला निवडा डोकंच करतं.

दुसरा आक्षेप साध्या माणसाचा आहे: सवय होते हो! पट्टी सैल पडते, कान रुळतात. पट्टी सैल पडते हे खरं, आणि नव्या हेडफोनला थोडा वेळ द्यावा हेही खरं. पण सवय कानालाही होते आणि ती घातक आहे. चुकीचा आवाज सतत ऐकला की मेंदू त्यालाच बरोबर धरू लागतो. आणि न सोसणारा दाब माणूस सोसत नाही, त्यातून पळवाट काढतो. एक वाटी कानामागे सरकवतो. गायक तर हे नेहमीच करतात, कारण दोन्ही कान बंद झाले की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि सूर लावणं अवघड जातं. त्या उघड्या वाटीतून ट्रॅक माइकात गळतो. रेकॉर्डिस्ट दमला की आवाज वाढवतो. इथे प्रश्न कामाचा राहत नाही, कानाचा होतो. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस 85 डेसिबलला दिवसाचे 8 तास अशी आहे, आणि दर 3 डेसिबलला ही मुभा निम्म्यावर येते. म्हणजे 88 ला 4 तास आणि 94 ला एकच तास. अंगात आलेल्या गाण्याबरोबर नॉब इतका सरकणं काहीच अवघड नाही. जो हेडफोन नीट बंद होतो आणि तरी टोचत नाही, त्यात कमी आवाजावर काम भागतं. आरामाचा हा फायदा परीक्षणाच्या तक्त्यात दिसत नाही.

मग हेडफोनवर मिक्सिंग करताच कशाला, स्पीकर घ्या, असंही सांगितलं जातं. ज्याची खोली मोठी आणि भिंतींवर आवाज शोषणारं अस्तर आहे त्याने जरूर घ्यावेत. दहा बाय बाराच्या सिमेंटच्या खोलीत चांगले स्पीकरही खर्जाबद्दल खोटं बोलतात, कुठे फुगवतात, कुठे गिळतात, आणि रात्री शेजारी दार वाजवतात तो भाग वेगळाच. ब्लूटूथवाल्या, बाहेरचा गोंगाट यंत्राने मारणाऱ्या हेडफोनचा पर्याय रेकॉर्डिंगसाठी नाहीच. त्यात आवाज उशिरा पोचतो, आणि गाणाऱ्याला स्वतःचा सूर मागून येऊन धडकला तर तो गाणार कसा?

अडचण खरी आहे ती तपासण्याची. देगलूरात असे चार हेडफोन मांडून ठेवणारं दुकान कुठलं असणार. नांदेड गाठा नाहीतर सरळ हैदराबादचा रस्ता धरा, आणि तिथेही दुकानदार दोन मिनिटं ऐकू देतो. बाकी खरेदी घरपोच. यावर उपाय आपसातच आहे. देगलूर, मुखेड, बिलोली, उदगीर इथल्या एडिटिंग आणि रेकॉर्डिंगवाल्यांकडे मिळून दोन-तीन जातींचे हेडफोन सापडतील. एका संध्याकाळपुरती अदलाबदल केली तर शहरातल्या शोरूमपेक्षा चांगली परीक्षा होते. ती घ्यायची तर आपल्या चष्म्यासकट, आपल्या फेट्यासकट, पंखा बंद करून. पहिल्या दहा मिनिटांत मत बनवू नये. ऐकायला पाठ असलेलं रेकॉर्डिंग घ्यावं. भीमसेन जोशींची अभंगवाणी या कामाला उत्तम, कारण त्यात टाळ, पखवाज आणि भरदार गळा एकत्र येतात. सोबत आकाशवाणीच्या बातम्यांसारखा साधा बोलता आवाज घ्यावा, कारण माणसाचं बोलणं कसं असतं हे कानाला उपजत कळतं. तास झाला की वाट्या बोटांनी हलकेच कानाकडे दाबाव्यात. दाबल्यावर खर्ज एकदम वाढला, तर त्या डोक्यावर तो हेडफोन गळतो आहे. ही परीक्षा फुकट आहे आणि तिला यंत्र लागत नाही.

माझा कौल विचाराल तर, चष्मा लावून दिवसभर एडिटिंग करणाऱ्याने डीटी 770 प्रो घ्यावा, त्यातही 80 ओहमचा. 250 ओहमच्या जातीला मोबाइल किंवा साधा लॅपटॉप पुरेसा जोर देत नाही. त्याचा टोकदारपणा लक्षात ठेवून टाळ सांभाळावा. गायकाला द्यायला आणि अर्ध्या-पाऊण तासाच्या टेकला 7506 पुरतो. एम50एक्सवर ऐकायला मजा येते, पण त्यावर खर्जाचे निर्णय घेऊ नयेत. दस्तार किंवा फेटा बांधणाऱ्याने कुठलंही नाव ऐकून घेऊ नये, पट्टी पूर्ण ताणून डोक्यावर घालून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि कोणताही घेतलात तरी आधी त्याची सुटी कुशनं मिळतात का ते विचारा. रेक्झिनची कुशनं घामाने दोन-तीन उन्हाळ्यांत पापुद्रे सोडू लागतात, आणि नकली कुशन लावलं की आवाज बदलतो. कंपनीची कुशनं मिळत नसतील, तर तो हेडफोन कितीही स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.