नकार लेखी द्या

"आमच्याकडे तुमच्या मुलाचंच नुकसान होईल हो."

"आम्ही घेतलं असतं, पण बाकीचे पालक तक्रारी करतात."

"एवढं वर्ष जाऊ दे. थोडा बसायला लागला की पुढच्या जूनमध्ये या."

"तुम्ही त्या नदीपलीकडच्या शाळेत का नाही विचारत? तिथं अशी मुलं घेतात म्हणे."

थेरपी सेंटरबाहेरच्या बाकड्यावर प्रवेशाच्या हंगामात तासभर बसलं, की ही वाक्यं ऐकायला मिळतात. आत मुलाची स्पीच थेरपी चालू असते आणि बाहेर आया बसलेल्या असतात. पाऊण तासात गावातल्या सगळ्या शाळांचा पंचनामा उरकतो. कुठे वर्गावरच्या बाई जीव लावतात पण ट्रस्टींना नको असतं, कुठे पहिलीपर्यंत सांभाळतात आणि दुसरीत हातावर दाखला ठेवतात, कुठे लिफ्ट आहे पण ती फक्त पाहुण्यांसाठी. या बाकड्याकडे असलेली माहिती शिक्षण खात्याकडे नाही. असणार कुठून? ती कुठेच लिहिलेली नसते.

शाळा दिव्यांग मुलाला नकार देतात, ही काही नवी बातमी नाही. हा नकार नेहमी तोंडी असतो, याकडे मात्र आपलं लक्ष जात नाही. आणि तोंडी नकाराविरुद्ध दाद मागायची कुठे आणि कशाच्या जोरावर?

बाकड्यावरच्या अशाच एका आईच्या मांडीवरची फाइल एकदा उघडून बघा. जन्माचा दाखला, आधार, रेशनकार्ड. यूडीआयडी म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, ज्याच्यासाठी जिल्हा रुग्णालयात बोर्डाच्या दिवशी पहाटे जाऊन नंबर लावलेला असतो. ऐकण्याच्या बेरा टेस्टचा रिपोर्ट, आयक्यूचा रिपोर्ट, बालरोगतज्ज्ञांची चिठ्ठी, थेरपीच्या पावत्या. प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स, सही करून साक्षांकित केलेल्या, कारण कोण कधी काय मागेल याचा नेम नसतो. अध्ययन अक्षमता असेल तर मूल साधारण आठ वर्षांचं होईपर्यंत प्रमाणपत्रच मिळत नाही. मिळाल्यावर पुढेही पुन्हा तपासणी असते. म्हणजे आपलं मूल जसं आहे तसं आहे, हे या बाईने कागदोपत्री वारंवार सिद्ध करायचं. शाळेने मात्र केबिनमध्ये बसून, चहा मागवून, एका वाक्यात निकाल लावायचा. त्या निकालाला ना जावक क्रमांक, ना तारीख, ना सही.

मूल शाळेत असताना 'नको' झालं, तर गंमत आणखी पुढे जाते. गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. मुख्याध्यापकांना हे पाठ असतं. म्हणून ते काढत नाहीत, समजावतात. दर आठवड्याला फोन येतो, "आज त्याने चावा घेतला, आज तो वर्गाबाहेर पळाला, जरा घेऊन जाता का?" महिना-दोन महिन्यांत आईबाप टेकीला येतात आणि अर्ज लिहितात: 'घरगुती कारणास्तव माझ्या पाल्याचा शाळा सोडल्याचा दाखला मिळावा, ही विनंती.' या सगळ्या प्रकरणात मागे उरणारा हा एकमेव कागद, आणि तोही पालकांच्या हस्ताक्षरातला. उद्या कुणी चौकशी केलीच तर शाळा स्वच्छ, कारण मूल तर स्वखुशीने गेलेलं.

कायदा कमी पडतो असं म्हणायला फारशी जागा नाही. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २१ प्रकारची दिव्यांगत्वं मानतो. १९९५ च्या कायद्यात ती ७ होती. सरकारमान्य आणि अनुदानित शाळांत या मुलांना भेदभाव न करता प्रवेश मिळेल हे पाहण्याची जबाबदारी तो सरकारवर टाकतो आणि वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव, असं म्हणतो. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, तोही जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, जिथे हवं तिथे. काही मुलांना विशेष शाळाच मानवते आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण ही निवड घरच्यांनी करायची असते. "तिथं अशी मुलं घेतात" म्हणणाऱ्या शाळेला तो अधिकार कुणी दिला? २०१२ च्या दुरुस्तीनंतर ही मुलं शिक्षणहक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के प्रवेशांत 'वंचित गटा'त येतात आणि महाराष्ट्रात त्यांना त्यासाठी उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. दिव्यांग हक्क कायद्यात दंडसुद्धा आहे: पहिल्या उल्लंघनाला १० हजारांपर्यंत, पुढच्या प्रत्येकाला ५० हजार ते ५ लाख. पण उल्लंघन झालं हे दाखवायचं कशाने? पुन्हा गाडी कागदावरच येऊन अडते.

आता थोडं विमानतळावर जाऊ. ७ मे २०२२ रोजी रांचीला इंडिगोच्या कर्मचाऱ्यांनी एका दिव्यांग मुलाला विमानात चढू दिलं नाही. मुलगा घाबरलेला आहे, इतर प्रवाशांना धोका आहे, असं कारण सांगितलं. आईवडील विनवत होते. सोबतचे प्रवासी, त्यांत डॉक्टरही होते, 'आम्ही आहोत ना' म्हणून सांगत होते. उपयोग झाला नाही आणि ते कुटुंब मागे राहिलं. तिथल्या एका सहप्रवाशाने घडलेलं सगळं समाजमाध्यमावर सविस्तर लिहिलं आणि मग चक्रं फिरली. त्याच महिन्यात विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएने कंपनीला ५ लाखांचा दंड केला. पुढे जुलैमध्ये नियमच बदलला. प्रवाशाची तब्येत विमानात बिघडेल असं कंपनीला वाटत असेल, तर आधी डॉक्टरकडून तपासणी करून घ्यायची, त्यांचं मत घ्यायचं आणि मगच ठरवायचं. एवढं करूनही नाकारायचं असेल, तर कारणासह तिथल्या तिथे लेखी द्यायचं.

दोन तासांच्या प्रवासासाठी हा नियम आहे. दहा वर्षांच्या शाळेसाठी तो का नसावा?

मागणी एवढीच आहे. दिव्यांग मुलाचा प्रवेश-अर्ज शाळेने घ्यायचाच, त्याची पोच द्यायची आणि ठरावीक दिवसांत उत्तर लेखी द्यायचं. नकार असेल तर कारण लिहायचं, मुख्याध्यापकांच्या सहीने, आणि एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवायची. यासाठी विधिमंडळाची पायरी चढायला नको, शिक्षण खात्याचं एक परिपत्रक पुरेल. शाळा काहीतरी कारण ठोकून देतील, असं यावर कुणी म्हणेल. जरूर द्यावं. 'बाकीचे पालक तक्रार करतात' हे कारण लेटरहेडवर लिहून खाली सही करायला किती मुख्याध्यापक धजावतात, ते तरी कळेल.

लेटरहेडवर अजून एक गोष्ट यायला हवी. प्रवेश देताना हल्ली शाळा एक अट घालतात: वर्गात मुलासोबत बसणारी 'शॅडो टीचर' आणा, पगार तुम्ही द्या. नाहीतर आईने वर्गात बसा. काही मुलांना अशा सोबतीची खरोखर गरज असते, विशेषतः पहिल्या वर्षी. पण ती गरज ठरवली कुणी, किती महिन्यांसाठी आणि खर्च पालकांनीच का सोसायचा, हे विचारायची सोय नसते. बाकड्यावरच्या कितीतरी जणींच्या नोकऱ्या याच अटीवर गेल्या आहेत. त्यांच्या राजीनाम्यांवरही 'घरगुती कारण' असंच असणार.

इथे वर्गशिक्षकांना झोडपण्यात अर्थ नाही. साठ पोरांचा वर्ग, त्यात ऑनलाइन माहिती भरायची, निवडणुकीची कामं करायची, आणि बीएड-डीएडला या मुलांबद्दल जे शिकवलं ते परीक्षेपुरतं. अशा बाईंनी एकटीने काय करावं? ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकला अशा १० मुलांमागे १ आणि वरच्या वर्गांना १५ मुलांमागे १ विशेष शिक्षक असावा, असं प्रमाण घालून दिलं. आपल्या राज्याने २०२४ मध्ये शाळांच्या प्रत्येक केंद्रामागे एक या हिशेबाने ४,८६० पदं मंजूर केली. वर्षानुवर्षं कंत्राटावर राबलेल्या विशेष शिक्षकांना त्यातून दिलासा मिळाला, हे चांगलंच झालं. पण एका केंद्रात बऱ्याच शाळा येतात. मोटारसायकलवरून आज इथे, उद्या तिथे फिरणारा शिक्षक वर्गातल्या बाईंच्या मदतीला कितीसा येणार? नकार लेखी यायला लागले, तर त्यांतली निम्मी कारणं 'आमच्याकडे माणूस नाही' हीच असतील, असा माझा अंदाज आहे. मग तो कागद सरकारविरुद्धचा पुरावा ठरेल. परिपत्रक निघायला वेळ लागत असेल, तर त्याचं हेही एक कारण असू शकेल.

तोवर? बाकड्यावरच्या जुन्या जाणत्या आया नव्यांना एक गोष्ट शिकवतात, तीच इथे सांगते. बोलणं झालं की त्याच दिवशी अर्ज लिहायचा: 'आज अमुक तारखेला आपण मला असं असं सांगितलंत. कृपया लेखी कळवावं.' दोन प्रती न्यायच्या, एकीवर शिक्का आणि तारीख घ्यायची. क्लार्क म्हणणारच, "मॅडम नाहीत, ठेवून जा." ठेवून यायचं नाही. सरळ पोस्टात जायचं आणि स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवायचं. 'घरगुती कारणास्तव' हे शब्द दाखल्याच्या अर्जात लिहायचे नाहीत, जे घडलं ते लिहायचं. पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. चौकशीच्या कामी आयुक्तांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, कुणालाही हजर राहायला लावून कागद मागवता येतात. कागदाने फरक पडतो. १९९६ पासून महाराष्ट्रात डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती मिळतात. त्या आज सगळ्यांना रुळलेल्या वाटतात, कारण त्या कागदावर आल्या.

पण हे सगळं त्या एकट्या बाईनेच करायचं का? तिच्या मागे थेरपी आहे, स्वयंपाक आहे, रात्री न झोपणारं मूल आहे. भांडलं तर शाळेचा राग मुलावर निघेल ही धास्तीही आहे, आणि ती अनाठायी नाही. रांचीला आईच्या विनवणीने काही हललं नव्हतं, शेजारच्या माणसाने लिहिलं तेव्हा हललं. ज्यांची मुलं त्याच शाळेत निर्धास्त शिकताहेत, त्यांना ही धास्ती नाही. पालक-शिक्षक संघाच्या सभेत फीवाढ, बसचा मार्ग आणि गणवेशाचा दुकानदार यांवर दीड तास जातो. त्यात दोन मिनिटं काढून विचारावं: यंदा किती दिव्यांग मुलांचे पालक चौकशीला आले, किती मुलांना घेतलं आणि बाकीच्यांना काय उत्तर दिलं? उत्तर बहुधा तोंडीच मिळेल. ते इतिवृत्तात घ्यायला सांगा आणि पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचून कायम करताना ते आलंय का, हे बघून घ्या.