पतंग फांदीत, जीव टांगणीला

संक्रांत आली की आपल्या परभणी जिल्ह्यात पतंग लिंबा-चिंचेत अडकतात आणि मागोमाग पोरं चढतात. नुसतं रागावून ती थांबत नाहीत. कसं चढायचं ते मोठ्यांनीच शिकवावं.

झाडाजवळून विजेची तार गेली असेल, वर आग्या मोहोळ असेल, तर पतंगाचा नाद सोडावा. तारेजवळ बांबूची आकडीही नको. एरवी आधी आकडीच लावून पाहावी.

चिंच चिवट, शेवगा मात्र ठिसूळ, हिरवी फांदीसुद्धा कडकन मोडते. त्यावर चढूच देऊ नये. वाळली फांदी टाळावी, पाय खोडालगत ठेवावा. दोन हात, दोन पाय, यांतले तीन कायम टेकलेले हवेत. नवख्यानं शेंड्याकडे जाऊ नये. पतंग हाती आला की खाली टाकावा. तो धरून एका हातानं उतरू नये.